सावनदुर्गाच्या माथ्यावरून घरी

सावनदुर्गाला लोक नरसिंहाच्या दर्शनाला जातात, नवस फेडायला जातात, क्वचित कॉलेजातली मुलं पैज लावून वर चढतात. आम्ही दोघी, नणंद आणि भावजय, गेलो त्या तार टांगायला. परत आल्यावर चामराजपेटेतल्या ज्या ज्या बाईनं विचारलं तिला वहिनीनं हेच सांगितलं, आणि प्रत्येकीनं विचारलं, "वाळत काय घालायचं होतं इतक्या उंचावर?" म्हणून आता सगळं नीट लिहून काढते.

साठ साल उलटून एखादं वर्ष झालं असेल. मी मुलींच्या हायस्कुलात सायन्स शिकवत होते. वडील, म्हणजे अण्णा, तार ऑफिसात तारमास्तर होते आणि निवृत्त झाल्यावर घरीही तारेलाच चिकटले. त्यांना हौशी रेडिओचा नाद होता. सरकारचा परवाना काढायचा, स्वतःच्या हातानं यंत्र बांधायचं आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या कुणा वेड्याशी आकाशातून बोलायचं, असा तो नाद. बोलायचं तोंडानं नव्हे, टिंब आणि रेघ वाजवून. त्यांच्या मागोमाग मीही परीक्षा दिली आणि परवाना मिळवला. एकाच घरात दोन परवाने, आणि दोघांची आकाशातली नावं, म्हणजे सरकारनं दिलेली खुणेची अक्षरं, वेगळी.

शहरात ऐकू फार कमी यायचं. पिठाची गिरणी सुरू झाली की कानात नुसती चरचर. अण्णा म्हणायचे, "एकदा उंचावर जायला हवं, सुमे. जिथं मोटार नाही, दिवा नाही. तिथून ऐकायचं." एकदा आम्ही बेळ्ळंदूरच्या तळ्याच्या बांधावर दोन बांबूंना तार बांधून दिवसभर बसलो होतो. बगळे आणि आम्ही, दुसरं कोणी नाही. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, पुढची खेप सावनदुर्ग. पेटीत मावेल असं छोटं यंत्र त्यांनी बांधलं, खेड्यातल्या रेडिओला लागतात तसल्या कोरड्या बॅटरीवर चालणारं. डोंगरावर यंत्र न्यायला वेगळी परवानगी लागते, म्हणून दोघांच्या नावानं दिल्लीला अर्ज केला. दिल्लीचा कागद आला तेव्हा अण्णा अंथरुणात होते. उजवं अंग लुळं पडलं होतं. बुद्धी शाबूत होती, पण जीभ वळत नव्हती.

महिन्या-दीड महिन्यानं ते उठून बसू लागले. एक दिवस माझ्या खांद्यावर भार देऊन यंत्रापाशी गेले, डाव्या हातानं कळ दाबली. चाळीस वर्षं ज्यांचा हात मोत्यासारखा चालला, त्यांना स्वतःचं नाव धड वाजवता येईना. तीनदा प्रयत्न केला. मग कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि यंत्रावर आईची जुनी साडी पांघरली. त्यानंतर सात महिने ती साडी कोणी काढली नाही. पाटीवर ते दोन-तीन शब्द लिहीत, पाणी, नको, पुरे. एवढंच त्यांचं बोलणं.

डिसेंबर लागला तशी मी त्यांना म्हणाले, "अण्णा, मी सावनदुर्गाला जाते. रविवारी सकाळी नऊला वरून हाक देईन. उत्तर द्यायलाच हवं असं नाही." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

शनिवार: मागडीची वाट

एकटीला आईनं सोडलं नसतं. वहिनी धारवाडची, चालायला दणकट, आणि तिला घरातून दोन दिवस सुटका हवी होती. "तुझ्या त्या कटकटीतलं मला काही कळत नाही," ती म्हणाली, "पण डोंगर कळतो." दादा घरी राहणार होता, अण्णांजवळ आईला सोबत.

कलासीपाळ्याहून मागडीची बस. पेटी मांडीवर घेऊन बसले, बॅटरीचं गाठोडं पायाशी. कंडक्टरनं विचारलं, "अम्मा, पेटीत काय?" मी दिल्लीच्या कागदासाठी पर्स उघडते आहे तोवर वहिनीनं सांगून टाकलं, "हार्मोनियम." झालं. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं एखादं देवरनाम, म्हणजे भजन, होऊ दे म्हणून आग्रह धरला. वहिनी गंभीरपणे म्हणाली, "बस हलली की सूर हलतात, अज्जा." आणि मग त्याची निराशा बघवेना म्हणून तिनं नुसत्या गळ्यानंच एक पद म्हटलं. खाली उतरताना त्या म्हाताऱ्यानं तिला चार पेरू दिले.

रस्त्याच्या कडेनं अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे ढीग लागले होते. थंडीत त्या शेंगांवर एक तेलकट वास धरतो, बंगळुरातल्या कुठल्याही बाजारात तो आला की वर्ष संपत आलं असं समजायचं. पुढं रस्त्यावरच हुलगा पसरून ठेवलेला, बसच्या चाकांनी मळणी व्हावी म्हणून. ड्रायव्हर शिव्या देत होता, पण गाडी मात्र बरोबर पिकावरून नेत होता.

मागडीहून बैलगाडी. सात-आठ मैलांची वाट, आणि पहिल्या वळणानंतर डोंगर दिसला तो शेवटपर्यंत समोरून हलला नाही. सावनदुर्ग म्हणजे डोंगर म्हणण्यापेक्षा एकच दगड आहे. रानातून एखादा प्रचंड हत्ती उठता उठता थांबला असावा तसा. उतरत्या उन्हात तो आधी तांबूस दिसला, मग जांभळा, आणि मग त्याच्या पाठीवर धुक्याची पातळ घडी पडली. गाडी चालली आहे की डोंगरच आमच्याकडे सरकतो आहे हे कळेनासं झालं. बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकता ऐकता मला झोप लागली. झोपेत मी त्या घंटांची अक्षरं लावत होते, आणि ती लागत नव्हती.

पायथ्याशी

नरसिंहाच्या देवळामागं छत्र, म्हणजे धर्मशाळा, आहे, तिथं एक खोली मिळाली. वाटाड्या म्हणून पुजाऱ्यांनी मुनियप्पाला बोलावलं. साठीचा, काटक, खांद्यावर घोंगडं, आयुष्यभर त्याच कातळावर शेळ्या चारलेला. बॅटरीचं गाठोडं उचलून त्यानं वजन पाहिलं आणि म्हणाला, "हे डोक्यावर. ती पेटी तुम्ही घ्या. तुमच्या पेटीचं मला भय वाटतं."

छत्रात स्वयंपाकाची सोय नव्हती. मुनियप्पाच्या बायकोनं, गंगम्मानं, दारातून हाक मारली, "आमच्यात जेवाल का?" तिच्या विचारण्यात एक लाज होती, कारण आम्ही कोण ते तिला ठाऊक होतं. मी वहिनीकडं पाहिलं. ती चप्पल काढून आत गेलीसुद्धा. "घरी सांगायचं नाही," तिनं जाता जाता म्हटलं. आता लिहिते आहे म्हणजे सांगितल्यासारखंच झालं. आईनं तेव्हाच ओळखलं होतं म्हणा.

आमच्याकडं रागी म्हणजे तान्ह्या पोरांची पेज. इथं पानात वाफाळता काळसर गोळा आला, मुद्दे, आणि त्याच्याभोवती अवरेकाळूचं सारू. मी घास चावायला लागले तशी गंगम्मा हसली. "चावायचं नाही, अम्मा. सारात बुडवायचं आणि गिळायचं." वहिनीनं सांगितल्याप्रमाणं केलं, डोळे मिटले, आणि म्हणाली, "स्वल्प आणखी घाला." गंगम्माच्या चेहऱ्यावरची लाज तेव्हा कुठं गेली.

जेवून अंगणात बसलो. डोंगराची कड आकाशात काळी दिसत होती. मुनियप्पानं विचारलं, "देवाला काय वाहायचंय वर?"

"काही नाही. तिथून बोलायचं आहे."

"कोणाशी?"

"वडिलांशी."

त्यानं हळूच हात जोडले. "वारले?"

"नाही हो. घरी आहेत, बंगळुरात."

त्यानं खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं. मग म्हणाला, "मग घरीच का नाही बोललात?"

पांघरूण घेतल्यावर मी तेच घोळवत पडले. सात महिने मी त्यांना औषध विचारलं, दूध विचारलं, खिडकी उघडू का विचारलं. बोलले कुठं होते?

रविवार: कातळ

फटफटताना निघालो. साडीचा काचा मारला, चपला पिशवीत टाकल्या. मुनियप्पानं सांगितलं होतं, कातळ अनवाणी पायालाच ओळख देतो. दगड बर्फासारखा गार होता. सुरुवातीला झुडपं, जुन्या किल्ल्याची पडकी भिंत, एक कमान, आणि मग नुसता उतार. धरायला काही नाही. आपण चालतो आहोत असं वाटत नव्हतं, कुणा झोपलेल्याच्या पाठीवरून हळूच सरकतो आहोत असं वाटत होतं.

धुकं इतकं दाट झालं की पुढचा मुनियप्पा फक्त गाठोड्याएवढा दिसू लागला. गाठोडं हवेत तरंगत वर चाललं आहे आणि आम्ही त्याच्यामागं. कुठून तरी पाणी ठिबकत होतं. एकदा डोक्यावरून काहीतरी सुर्रकन गेलं, इतकं जवळून की वाऱ्यानं पदर हलला. "गिधाड," मुनियप्पा म्हणाला. "त्यांची घरं वरच आहेत. तुम्हाला बघायला आलं." नंतर ती आणखी आली, पंख न हलवता धुक्यातून बाहेर येत आणि पुन्हा आत शिरत. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

एका चढणीवर माझा पाय सटकला. मी गुडघ्यावर आले, आणि पेटी हातातून सुटून दहा-पंधरा हात घसरत गेली. एका खाचेत अडकली म्हणून वाचली. वहिनी बसत बसत खाली गेली आणि ती छातीशी धरून घेऊन आली. उघडून पाहिलं. दिवे शाबूत होते, म्हणजे यंत्रातल्या काचेच्या नळ्या. पण तारेची दोन टोकं बांधायच्या चिनीमातीच्या गोट्या फुटून चुरा झाल्या होत्या. त्यांच्याशिवाय तार सरळ दगडाला किंवा खांबाला बांधली तर सगळी शक्ती तिथंच जिरून जाते. मी तो चुरा ओंजळीत घेऊन बसले. रडूच आलं.

"हे कशाचं असतं?" वहिनीनं विचारलं.

"चिनीमाती. नाहीतर काच. वीज पुढं जाऊ देत नाही असं काहीतरी."

"काच चालते?" तिनं हातातल्या बांगड्यांकडं पाहिलं. सासूचं काय म्हणणं असतं हे आम्हा दोघींनाही पाठ होतं. तिनं प्रत्येक हातातली एकेक हिरवी बांगडी हळूहळू, फुटू न देता काढली. "बाकीच्या आहेत हातात. उघडे नाहीत. घे."

माथा

वर एक लहानसा मंडप आहे, आत नंदी. आम्ही पोचलो तेव्हा आठ वाजले होते आणि धुकं आमच्या पायाखाली गेलं होतं. ते मी कसं सांगू? पाच वर्षं पोरींना ढग कसे होतात ते फळ्यावर शिकवलं, आणि इथं ढग खाली होते, आणि वर स्वच्छ निळं. पांढरा समुद्र, त्यात दोन-तीन काळ्या टेकड्या बेटांसारख्या. आवाज कसलाच नाही. अण्णा म्हणत ते हेच. मोटार नाही, दिवा नाही.

मंडपाच्या खांबाला एक बांगडी, आणि मुनियप्पानं खालून आणून पलीकडे खाचेत रोवलेल्या बांबूला दुसरी. मध्ये सहासष्ट फूट तांब्याची तार. ऊन पडलं तशी तार दिसेनाशी झाली, नुसत्या दोन हिरव्या बांगड्या हवेत थरथरत राहिल्या. मी कानाला लावलं. आणि एकदम, आजवर कधी ऐकलं नव्हतं तितकं लख्ख, सगळं आलं. कोणी मद्रासचा, कोणी सिलोनचा, कोणी कुठून बोलतोय ते कळू नये इतका दूरचा, पहाटेच्या स्वप्नातल्यासारखा. चरचर नाही. मी किती वेळ ऐकत बसले मला माहीत नाही. वहिनीनं हलवलं, "नऊ वाजले."

मी हाक दिली. अण्णांचं आकाशातलं नाव, मग माझं. थांबले. काही नाही. पुन्हा दिली.

उत्तर आलं, पण ते निलगिरीतल्या चहाच्या मळ्यावरच्या मेननांचं. अण्णांचे हे बारा वर्षांचे स्नेही. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण हात ओळखत. प्रत्येकाच्या वाजवण्याला आपलं असं वळण असतं, अक्षराला असतं तसंच. मेननांनी आनंदानं विचारलं, इतकी स्वच्छ कुठून येतेस? मी सांगितलं, डोंगरावरून, आणि जरा थांबा, घरी हाक देते आहे. अण्णा आजारी आहेत एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते लगेच बाजूला झाले.

हाक. थांबणं. हाक. थांबणं. वीस मिनिटं गेली. वारा सुटला होता. मुनियप्पा मंडपाच्या सावलीत बसून माझ्या तोंडाकडं बघत होता. "नाहीत घरी?" त्यानं विचारलं.

"आहेत," मी म्हटलं.

मग मला काय झालं कोण जाणे, मी हाक देणं सोडून दिलं आणि नुसतं सांगू लागले. इंग्रजी अक्षरांत मराठी, आम्ही दोघं घरी थट्टेत वाजवायचो तसं. धुकं खाली आहे. ते आता फाटतंय. पूर्वेकडं पाणी चमकतंय, बंगळूरच्या नळाचं तळं ते हेच असणार. गिधाडं आमच्या खालून उडतात, त्यांच्या पाठी दिसतात. वहिनीनं काल तीन मुद्दे खाल्ले. मी पडले, गुडघा फुटला, यंत्र नाही. दूर उत्तरेला एक उंच टोकदार डोंगर दिसतो, तो नंदी. तुम्ही इथं असायला हवं होतं.

थांबले. कानात फक्त वाऱ्याची गाज.

आणि त्या गाजेत एक टिंब पडलं. नुसतं एक. मग रेघ, फार लांब झालेली. मग टिंब. अडखळत, मध्येच तुटत, पुन्हा जोडत, एखादं मूल भिंतीला धरून चालावं तशी अक्षरं आली. मी पेन्सिलनं उतरवत गेले. वाऱ्यानं उडू नये म्हणून वहिनीनं कागद धरून ठेवला.

"नंदी नव्हे. शिवगंगा."

सात महिन्यांनी अण्णा हे बोलले. जो डोंगर ते कधी चढले नव्हते, त्याच्यावरून काय दिसतं हे ते नकाशावरून मला सांगत होते. मी हसत होते आणि नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. वहिनी ओरडली, "काय म्हणतात? अगं, काय म्हणतात?"

"मी चुकले म्हणतात!"

पुढं त्यांनी कळवलं, नंदी उजवीकडं आणखी लांब असेल, नीट पाहा. पाहिलं. होता, आकाशापेक्षा जरासा गडद. एकेका शब्दाला त्यांना मिनिट-मिनिट लागत होतं. ते विचारत, मी सांगत होते, रामनगरच्या टेकड्या कुठल्या, वारा कुठून, तार कशाला बांधली. बांगड्यांचंही कळवलं. मग आलं, "कमळाला सांग, शाबास." वहिनीचं नाव कमळा. तिला वाचून दाखवलं, ती दुसरीकडं तोंड करून उभी राहिली.

तेवढ्यात मेनन मध्ये आले. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण घर ओळखीचं आणि हात अनोळखी, हे त्यांनी ऐकलं होतं. मोठ्या मायेनं त्यांनी वाजवलं, "त्या घरून पुन्हा आवाज आला, बरं वाटलं. मुलगा बसलाय वाटतं. त्याला सांगा, धीर सोडू नको. सुरुवातीला आम्हा सगळ्यांचा हात असाच होता."

माझा हात कळीवर होता आणि मला पुढं काय वाजवावं कळेना. हो म्हणावं तर खोटं. खरं सांगावं तर जे अण्णांनी सात महिने साडीखाली झाकून ठेवलं ते मी डोंगरावरून सगळ्यांना सांगणार. नेमक्या त्याच वेळी वाऱ्याच्या झोतानं बांबूकडची बांगडी फुटली. तार खाली आली, कान मुका झाला. वहिनी धावली. बांबू खाचेतून उपटून, तार त्याच्या शेंड्याला तशीच गुंडाळून तिनं तो डोक्यावर उंच धरला. "वाळका आहे ना? चालेल ना? ऐक तू!"

चाललं. अण्णा मध्यावर होते. ते इंग्रजीत वाजवत होते, म्हणजे मेननांना, आणि मेननांबरोबर जो कोणी ऐकत असेल त्या सगळ्यांना. सुरुवातीचे शब्द हुकले. मी ऐकले ते असे:

"...नव्हे. मीच. उजवा हात गेला. हा डावा. नवा आहे."

वाऱ्यात उभ्या वहिनीचे दंड थरथरत होते. मग मेनन आले. बारा वर्षं ज्यांचा हात वाहत्या पाण्यासारखा ऐकला, त्यांनी शाळेतल्या पोराला कित्ता घालून द्यावा तितक्या सावकाश एकेक अक्षर वाजवलं, "सुप्रभात, डाव्या हाता. माझं नाव मेनन. मी निलगिरीत असतो. तुझा आवाज छान येतो आहे." जसं काही पहिल्यांदाच भेटत होते. अण्णांनी आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, हवा सांगितली. पहिल्या भेटीत सांगतात ते सगळं सांगितलं. मी मध्ये पडले नाही. माझी बॅटरी उतरत चालली होती. ते दोघं माझ्या कानात हळूहळू दूर जात राहिले, दूर, आणखी दूर, आणि नाहीसे झाले. बोलणं संपलं नव्हतं. फक्त मला ऐकू येणं थांबलं होतं.

"उतरवू का हात?" वहिनीनं विचारलं.

मुनियप्पानं आधीच पुढं होऊन बांबू तिच्याकडून घेतला होता. तो धरून त्यानं तारेकडं वर पाहिलं. "आता मला कळलं," तो म्हणाला. काय कळलं ते मी विचारलं नाही.

घरी

उतरताना ऊन चढलं आणि कातळ तापला, चपला घालाव्या लागल्या. गंगम्मानं ताकात मीठ घालून दिलं. मागडीहून बसमध्ये उभं राहूनच आलो. चामराजपेटेत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

आई दारातच भेटली. "सहा वाजता उठले," ती कुजबुजत सांगू लागली, "दाढी करवून घेतली दादाकडून. ती साडी स्वतः ओढून काढली. तुझं वाजायला लागलं तसा हात पुढं नेला, मागं घेतला. पुढं, मागं. किती वेळा मोजू? मी बाहेर गेले, बघवेना. मग एकदम टेबलावर थाप मारली, रागावल्यासारखी, आणि सुरू झाले. दुपारचं जेवण चारला केलं."

अण्णा यंत्रापुढं खुर्चीतच होते, थकलेले. मला पाहून डावी तर्जनी खुर्चीच्या लाकडी हातावर टकटकली. "पाय दुखतात?" मी बोटानंच म्हटलं, "दुखतात." आम्ही असं चार-सहा वाक्यं बोललो. दादा बघत होता, वहिनी बघत होती. आई कंदील पुसायचं फडकं हातात धरून उभी होती.

"मला काही कळत नाही तुमचं," ती एकाएकी म्हणाली. "चाळीस वर्षं ऐकते आहे. एक अक्षर येत नाही मला." आवाजात रुसवा नव्हता, काहीतरी दुसरंच होतं. ती पुढं आली आणि त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसली. "शिकवा."

अण्णांनी तिच्याकडं पाहिलं. तिचा हात ओढून टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर बोटानं दोनदा टिचकी दिली. दोन टिंबं.

"एवढंच? झालं एक अक्षर?" आईनं मला विचारलं. मी मान डोलावली.

मग रेघ आणि टिंब. मग रेघ, टिंब, टिंब. मी मनात जोडत गेले आणि तिसऱ्या अक्षराला थबकले. आईचं नाव इंदिरा. सासरी ते नाव कोणाच्या तोंडी नसे, आणि अण्णांनी तर ते उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं. त्या पिढीत नवरे बायकोचं नाव घेत नसत.

"काय शिकवतात गं?" आई म्हणाली.

"आई, तूच लाव," मी म्हटलं.

तिनं आपल्या बोटानं टेबलावर दोन टिंबं दिली, मग चुकली. म्हणाली, "पुन्हा एकदा, सावकाश." अण्णांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.